बेर्मेओच्या धक्क्यावर अकरा दिवस: बास्क मच्छीमार कुटुंबाचे घर, होडी आणि स्वयंपाक

वेळाकाठ:

गेल्या जुलै महिन्यात मी आणि माझी मुलगी बास्क किनाऱ्यावरील बेर्मेओ या गावी एका मच्छीमार कुटुंबात अकरा दिवस राहिलो. मुलगी बिल्बाओला शिकते आणि हे घर तिच्या वर्गमैत्रिणीचे आजोळ आहे, त्यामुळे आमचा मुक्काम कोणत्याही सहल कंपनीमार्फत ठरलेला नव्हता. आजोबांची पंचेचाळीस वर्षे समुद्रावर गेली आहेत आणि आजींनी निम्मे आयुष्य धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त करण्यात घालवले आहे. बिस्काया प्रांतातील बास्क बोलीत आजीला ‘अमामा’ आणि आजोबांना ‘आयतिते’ म्हणतात. तिसऱ्या दिवसापासून आम्हीही त्यांना याच नावांनी हाक मारू लागलो आणि ते दोघांनाही मनापासून आवडले. म्हणून पुढेही हीच नावे वापरते.

बास्क लोकांचा प्रदेश स्पेनच्या उत्तरेस आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्येस पसरलेला आहे. त्यांच्या एउस्कारा या भाषेचे जगातील कोणत्याही जिवंत भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. बास्क स्वयंपाकाविषयी आपल्याकडे जे वाचायला मिळते ते बहुतेक दोनोस्तिया शहरातील नामांकित उपाहारगृहांविषयी असते. त्या उपाहारगृहांबद्दल मला आदर आहे, परंतु बेर्मेओच्या घरात राहिल्यावर मला एक गोष्ट ठामपणे वाटू लागली आणि तीच सांगण्यासाठी हा धागा काढत आहे. तिथल्या ताटातील चव चुलीवर ठरत नाही. मासा कोणत्या महिन्यात धरला, कशाने धरला आणि होडीवर त्याला कोणी कसे हाताळले, यावर तिचा मोठा भाग आधीच ठरून गेलेला असतो. चुलीपाशी बसलेली व्यक्ती फक्त ते बिघडू नये याची काळजी घेते.

जुलै हा हेगालुसेचा महिना आहे. ‘हेगाल’ म्हणजे पंख आणि ‘लुसे’ म्हणजे लांब. हा पांढऱ्या मांसाचा टूना आहे, म्हणजे आपल्या कुप्याचा भाऊबंद, आणि त्याच्या छातीजवळचे दोन पर खरोखरच पंखासारखे लांब असतात. उन्हाळ्यात तो अटलांटिकमधून बिस्केच्या उपसागरात लहान माशांच्या मागावर येतो आणि बेर्मेओ, ओन्दारोआ, गेतारिया व ओन्दारिबिया येथील होड्या त्याच्यासाठी बाहेर पडतात. तो धरण्याच्या दोन पद्धती आयतितेंनी मला स्वयंपाकघरातील टेबलावर काड्या आणि दोरा मांडून समजावल्या. पहिल्या पद्धतीत होडीच्या दोन्ही बाजूंना लांब काठ्या पसरतात, त्यांना दोर बांधतात आणि होडी चालू ठेवून आमिषे पाण्यावरून ओढत नेतात. जुन्या काळी ही आमिषे मक्याच्या कणसाच्या पातळ सालपटांची करत असत आणि आयतितेंनी स्वतः केलेली दोन आमिषे त्यांच्या खणात अजून जपून ठेवलेली आहेत. दुसऱ्या पद्धतीत होडीवरच्या टाक्यांत जिवंत छोटे मासे नेतात. टूनाचा थवा दिसला की ते मासे मूठमूठ समुद्रात टाकतात, वरून पाण्याची फवारणी करून पाण्याचा पृष्ठभाग खवळता ठेवतात आणि कठड्याशी उभे राहिलेले खलाशी गळाच्या काठीने एकेक मासा वर उचलतात.

एकेक मासा, हे शब्द आयतिते पुन्हा पुन्हा बोलत होते. जाळ्यात शेकडो मासे एकमेकांवर दाबले गेले की त्यांची कातडी फाटते, मांस ठेचले जाते आणि रक्त आतच साकळते. गळाचा मासा मात्र लगेच वर येतो, लगेच बर्फात जातो आणि त्याच्या अंगावर ओरखडाही नसतो. मला हे आधी केवळ अभिमानाचे बोलणे वाटले होते. अमामांनी एका दुपारी त्या माशाचा पोटाकडचा तुकडा, ज्याला तिथे ‘मेंद्रेस्का’ म्हणतात, नुसत्या मिठावर तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून माझ्यापुढे ठेवला. लसूण नाही, लिंबू नाही. त्या तुकड्याला मसाल्याची गरज का नव्हती हे मला पहिल्या घासालाच समजले. या पद्धतीसाठी तिथल्या मच्छीमारांनी मोठा झगडा केला आहे. १९९० च्या दशकात इतर देशांच्या होड्या मैलोगणिक तरंगती जाळी सोडून हाच टूना धरत असत आणि त्यावरून बिस्केच्या उपसागरात होड्या एकमेकींसमोर ठाकल्या होत्या. अखेर युरोपीय संघाने १ जानेवारी २००२ पासून टूनासाठी अशा तरंगत्या जाळ्यांवर बंदी घातली.

धक्क्यावरचा लिलाव आम्ही दोनदा पाहिला. बास्क बंदरांत मच्छीमारांचे संघ मध्ययुगापासून चालत आलेले आहेत आणि त्यांना ‘कोफ्रादिया’ म्हणतात. मासळीची विक्री, बर्फ, डिझेल, होड्यांचे आपसांतील तंटे असे सगळे व्यवहार या संघाकडे असतात. आपल्याकडे बोली वर चढत जाते, तिथे उलट आहे. भाव वरून सुरू होतो आणि भराभर खाली येतो, आणि ज्याला माल हवा तो मध्येच थांबवतो. पहिला थांबवणारा मालक होतो, म्हणून थोडे अधिक थांबून स्वस्त मिळवू म्हणणारा रिकाम्या हाती जातो. होडीचे उत्पन्न पगाराने वाटत नाहीत. खर्च वजा करून उरलेल्या रकमेत होडीचा वाटा आणि खलाशांचे वाटे ठरलेले असतात, आणि हे ऐकताना मला आपल्या कोळीवाड्यातील वाट्यांची आठवण झाली. आज या होड्यांवर सेनेगलहून आलेले खलाशीही पुष्कळ आहेत. ओन्दारोआच्या धक्क्यावर मी बास्क, स्पॅनिश आणि वोलोफ अशा तीन भाषा एकाच होडीवरून ऐकल्या.

घरातील होडी लहान, मोटारीवर चालणारी आहे. व्यावसायिक होडीवर पाहुण्याला नेता येणार नाही असे आयतितेंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, परंतु संध्याकाळी चिपिरोय धरण्यासाठी त्यांनी आम्हाला आपल्या होडीतून नेले. चिपिरोय म्हणजे लहान माकूळ. सूर्य मावळताना टोकाला उलट्या काट्यांचा झुपका असलेला शिशाचा छोटा गळ पाण्यात सोडायचा आणि मनगटाने हलकेच वर-खाली करत राहायचे. दोन तासांत आम्हाला एकूण अकरा माकुळे मिळाली, त्यांतील आठ आयतितेंनी धरलेली होती. दुसऱ्या दिवशी अमामांनी प्रत्येक माकुळाची शाईची पिशवी न फोडता वेगळी काढली. कांदा मंद आचेवर तासभर शिजवून त्यात थोडा टोमॅटो घातला, शाई थोड्या पाण्यात कालवून गाळली आणि त्या काळ्याभोर रश्शात माकुळाचे पाय बारीक चिरून त्याच्याच पोटात भरून शिजवले. हा पदार्थ दिसायला काजळासारखा असतो आणि चवीला इतका गोडसर व खोल असतो की माझ्या मुलीने, जी घरी माकूळ खात नाही, पावाने ताटली पुसून घेतली.

त्या संध्याकाळी दक्षिणेकडून गरम वारा येत होता आणि आयतितेंची नजर सारखी पश्चिमेकडे जात होती. गरम, शांत दिवसाच्या शेवटी वायव्येकडून अचानक येणाऱ्या वादळी वाऱ्याला तिथे ‘गालेर्ना’ म्हणतात. काही मिनिटांत तापमान कोसळते आणि समुद्र उसळतो. १२ ऑगस्ट १९१२ च्या रात्री आलेल्या गालेर्नाने १४३ मच्छीमारांचा बळी घेतला आणि त्यांपैकी ११६ एकट्या बेर्मेओचे होते. एका गावातून एका रात्रीत ११६ पुरुष गेले. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्या रात्रीविषयी बोलताना अमामांनी आवाज खाली केला होता. पूर्वी कोफ्रादिया पहाटे आभाळ पाहणारी अनुभवी माणसे नेमत असे आणि होड्यांनी निघावे की नाही हे ती ठरवत असत. आज हवामानाचा अंदाज फोनवर येतो, तरीही आयतिते होडी सोडण्याआधी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन पाच मिनिटे आभाळाकडे पाहत उभे राहतात.

२२ जुलैला मॅग्डालेनाचा सण असतो, त्याविषयी थोडेच लिहिते. बेर्मेओसमोर इसारो नावाचे निर्जन बेट आहे. ते बेर्मेओचे की शेजारच्या मुंदाकाचे, या वादाचा निकाल वल्हवण्याच्या शर्यतीने लावला गेला आणि एलांचोबे गावाने पंचाचे काम केले, अशी आख्यायिका आहे. त्या दिवशी शेकडो होड्या बेटाकडे निघतात आणि बेर्मेओचे नगराध्यक्ष छपराचे एक कौल समुद्रात टाकून जाहीर करतात की बेर्मेओच्या पागोळ्या इथपर्यंत पोहोचतात. आपल्या घराच्या वळचणीचे पाणी जिथवर पडते तिथवर आपली हद्द, ही कल्पना कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

स्वयंपाकाविषयी आणखी पुष्कळ लिहिण्यासारखे आहे. विचारलेत तर प्रतिसादांत सविस्तर लिहीन.

पाटावरवंटा:

लेख अतिशय आवडला. मार्मिताको या पदार्थाचे नाव मी अनेकदा वाचले आहे, परंतु प्रत्येक ठिकाणी कृती वेगळी दिसते. तुम्ही तो त्या घरात पाहिला असेल तर कृपया कृती द्यावी. दुसरा प्रश्न असा की पिलपिल नावाचा खारवलेल्या कॉड माशाचा प्रकार मी दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा तेल वेगळे व पाणी वेगळे राहिले. चूक कुठे होत असावी?

वेळाकाठ:

मार्मिताको मी तीनदा खाल्ला आणि एकदा अमामांच्या देखरेखीखाली केला, त्यामुळे तो जमेल तितका नीट सांगते. ‘मार्मिता’ म्हणजे झाकणाचे पातेले आणि ‘को’ हा षष्ठीचा प्रत्यय. म्हणजे नावाचा अर्थच ‘पातेल्यातले’ असा होतो. हा होडीवरचा पदार्थ आहे. हेगालुसेच्या हंगामात होडी अनेक दिवस बाहेर राहते, एकच शेगडी आणि एकच पातेले असते, बटाटे आणि कांदे टिकतात, आणि मासा समोरच असतो. त्या परिस्थितीतून हा पदार्थ तयार झाला आहे, हे लक्षात ठेवले तर कृतीतील प्रत्येक गोष्टीचे कारण कळते.

सहा माणसांसाठी एक किलो बटाटे, पाऊण ते एक किलो मासा, दोन कांदे, दोन मोठ्या हिरव्या बिनतिखट मिरच्या, दोन-तीन लसूण पाकळ्या, एक टोमॅटो आणि तीन-चार चोरिसेरो मिरच्या घ्याव्यात. चोरिसेरो ही वाळवलेली, लाल, गोडसर, जवळजवळ बिनतिखट मिरची असते. ती कोमट पाण्यात भिजवून पोट फाडतात आणि आतला गर चमच्याने खरवडून घेतात. साल टाकून देतात. कांदा, मिरची आणि लसूण ऑलिव्ह तेलात अगदी मऊ होईपर्यंत परततात, त्यात टोमॅटो आणि चोरिसेरोचा गर जातो आणि मग बटाटे.

बटाटे सुरीने सरळ कापत नाहीत. सुरी अर्धवट आत घालून ती वळवतात आणि फोड तोडतात, तेव्हा ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे. तुटलेल्या खडबडीत कडांतून पिष्ट बाहेर येते आणि रस्सा आपोआप दाट होतो. मी पहिला बटाटा सवयीने चौकोनी चिरला, तेव्हा अमामांनी काही न बोलता माझ्या हातातून सुरी घेतली, एक बटाटा तोडून दाखवला आणि सुरी परत माझ्या हातात दिली. माशाच्या डोक्याचे आणि काट्याचे उकळून गाळलेले पाणी बटाटे बुडतील एवढे घालून ते मऊ शिजवतात. आता खरा नाजूक भाग येतो. माशाचे घासाएवढे तुकडे मीठ लावून तयार ठेवतात, शेगडी बंद करतात, आणि त्यानंतर मासा पातेल्यात घालून झाकण ठेवतात. साचलेल्या उष्णतेवरच तो पाच-सात मिनिटांत शिजतो. उकळत्या रश्शात टाकला तर हा मासा भुशासारखा कोरडा होतो. एवढी काळजी घेऊन धरलेला मासा शेवटच्या पाच मिनिटांत वाया घालवणे अमामांना सहन होत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

पिलपिलबद्दल माझा अंदाज असा आहे की तुम्ही कातडी काढलेले तुकडे वापरले असावेत किंवा तेल फार गरम राहिले असावे. त्या पदार्थात दाटपणा आणणारी वस्तू म्हणजे कॉडच्या कातडीतील चिकट द्रव्य होय. लसूण व मिरची तेलात परतून बाजूला काढायची, मंद तेलात मासा शिजू द्यायचा, तेल थोडे कोमट होऊ द्यायचे आणि मग मातीचे पसरट भांडे दोन्ही हातांनी सतत गोल हलवत राहायचे. तेल थोडे थोडे करून परत घालत गेले की ते द्रव्य आणि तेल एकजीव होऊन पिवळसर सायीसारखे दिसू लागते. त्यासाठी धीर लागतो. आयतिते हे काम स्वतःकडे ठेवतात आणि त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

करंजा:

माझे माहेर आणि सासर दोन्ही कोळीवाड्यातले आहे, त्यामुळे तुमचा लेख मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सासूबाईंनी लगेच विचारले की त्या गावात बायका काय करतात. आमच्याकडे जाळे पुरुष विणतात आणि दुरुस्त करतात, परंतु मासळी धक्क्यावर उतरली की बाजार, उधारी आणि पैशाचा हिशेब बाईच्या हाती असतो. तुमच्या अमामा जाळी दुरुस्त करत असत हे वाचून त्यांना फार नवल वाटले. त्यांच्याविषयी अधिक लिहा. आणि खारवलेल्या माशाविषयीही लिहा, कारण मांदेली आणि जवळा यांच्यावर आमचा पावसाळा निघतो.

वेळाकाठ:

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न मी स्वतःच पहिल्या लेखात हाताळायला हवा होता.

जाळी दुरुस्त करणाऱ्या बायकांना तिथे ‘सारेगिले’ म्हणतात. बास्क किनाऱ्यावर हे काम परंपरेने बायकांचे आहे. धक्क्यावर पसरलेल्या जाळ्याच्या डोंगराशेजारी बुटक्या आसनावर बसायचे, पाय लांब करायचे, जाळे पायाच्या अंगठ्याने ताणून धरायचे आणि हातातील सुईने फाटलेली घरे पुन्हा बांधायची. ऊन असो वा पाऊस, होडी संध्याकाळी निघणार असेल तर जाळे दुपारपर्यंत तयार झालेच पाहिजे. अमामा चौदाव्या वर्षी हे काम शिकल्या. त्यांची पाठ आणि मनगटे आज कायमची दुखतात. एवढे कष्टाचे आणि कौशल्याचे काम असूनही पुष्कळ वर्षे त्याकडे नवऱ्याला किंवा भावाला केलेली मदत म्हणूनच पाहिले गेले, ही खंत त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली. आता सारेगिले थोड्याच उरल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक वयस्क आहेत. आम्ही धक्क्यावर गेलो तेव्हा तिघी काम करत होत्या. अमामा त्यांच्याजवळ बसल्या आणि गप्पा मारता मारता त्यांचे हात आपोआप जाळ्याकडे गेले.

मासळी विकणाऱ्या बायकाही होत्या. सांतुर्त्सीहून डोक्यावर सार्डिनच्या टोपल्या घेऊन बिल्बाओपर्यंत पायी जाणाऱ्या बायकांची आठवण तिथे आजही लोकगीतात गायली जाते. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची जवळची नातलग.

आता खारवलेल्या माशाविषयी. तुम्ही मांदेलीचे नाव काढलेत हे फार योग्य झाले, कारण बास्क लोकांची आंचोआ आणि आपली मांदेली एकाच कुळातील आहेत. आंचोआ वसंत ऋतूत येते आणि ती वेढा घालणाऱ्या जाळ्याने धरतात. तिची मीठ घालून साठवण करण्याची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीहून आलेल्या इटालियन खारवणाऱ्यांनी या किनाऱ्यावर आणली. मुंडके आणि आतडे काढून मासे चक्राकार रचायचे, एक थर माशांचा आणि एक मिठाचा, वर वजन ठेवायचे आणि कित्येक महिने मुरू द्यायचे. मुरल्यावर मांस तपकिरी-लालसर होते. त्यानंतर प्रत्येक मासा धुऊन, कातडी खरवडून, मधला काटा काढून, केसासारखे बारीक काटे वेचून ऑलिव्ह तेलात ठेवायचा. हे सगळे हाताचे काम आहे आणि कारखान्यांतही ते बायकाच करत आल्या आहेत. अमामांची आई अशाच एका कारखान्यात होती. होड्या भरून आल्या की कारखान्याचा भोंगा वाजे आणि त्या हातातील काम टाकून, कधी मध्यरात्रीही, धावत जात.

मांदेली आपण वाळवतो, म्हणजे पाणी उन्हाने काढतो. ते मिठाने आणि वजनाने काढतात, कारण त्यांच्या किनाऱ्यावर पाऊस वर्षभर येतो आणि उन्हाचा भरवसा नसतो. अमामांना मी सुकटीविषयी सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला की मांजरांपासून कशी राखता.

आंचोआविषयी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अतिमासेमारी आणि लागोपाठ कमी पैदास यांमुळे बिस्केच्या उपसागरातील आंचोआ इतकी घटली की २००५ साली तिची मासेमारी बंद करावी लागली आणि ती खऱ्या अर्थाने पुन्हा सुरू झाली २०१० मध्ये. त्या काळात घरातील मोठी होडी, जी आयतिते आणि त्यांचे दोन भाऊ चालवत, वसंत ऋतूत बांधून पडलेली असे. कर्जाचे हप्ते चालू होते. धाकट्या भावाने त्याच काळात समुद्र सोडला आणि तो ट्रक चालवू लागला. तरीही आयतिते आज म्हणतात की बंदी योग्य होती आणि ती आणखी आधी यायला हवी होती. आस्ती या बास्क सागरी संशोधन संस्थेचे जहाज दर वर्षी मे महिन्यात उपसागरातील आंचोआच्या अंड्यांची मोजणी करते आणि त्यावरून साठ्याचा अंदाज बांधला जातो. या मोजणीच्या बातमीची घरात वाट पाहिली जाते.

अभ्यासू:

लेखातील माहिती आणि आपुलकी दोन्ही मनाला भिडली, परंतु चित्राची दुसरी बाजू मांडली नाही तर ते अपुरे राहील असे मला वाटते. ज्या बेर्मेओमध्ये गळाने एकेक मासा धरण्याचा अभिमान बाळगला जातो, त्याच गावाची प्रचंड शीतगृहयुक्त जहाजे आपल्या हिंद महासागरात सेशेल्सचे बंदर धरून टूना पकडतात. ती जहाजे गळ वापरत नाहीत. ती समुद्रात तरंगते तराफे सोडतात, त्यांच्या सावलीत जमलेल्या माशांभोवती पर्ससीन म्हणजे वेढा घालून खालून आवळायचे जाळे टाकतात आणि त्यात पिवळ्या पराच्या टूनाची पिल्लेही मोठ्या संख्येने सापडतात. २०१५ साली हिंद महासागर टूना आयोगाच्या शास्त्रज्ञांनी या माशाच्या साठ्यावर अतिमासेमारी होत असल्याचे नोंदवले आणि पुढच्याच वर्षी साठा सावरण्यासाठी योजना आखावी लागली. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये सोमाली चाच्यांनी ‘आलाक्राना’ नावाचे जहाज पळवले होते, तेही बेर्मेओचेच. आपल्या उपसागरात एक नियम आणि दुसऱ्याच्या महासागरात दुसरा, याकडे ते कुटुंब कसे पाहते हे जाणून घ्यायला आवडेल.

वेळाकाठ:

तुमचा मुद्दा पूर्णपणे खरा आहे आणि मी तो टाळू इच्छित नाही. या घराचा धाकटा मुलगा अशाच एका जहाजावर आहे. सुमारे चार महिने तो सेशेल्सच्या बाजूला समुद्रावर असतो आणि नंतर तितकेच दिवस घरी असतो. आम्ही तिथे असताना तो घरी नव्हता. त्याची खोली आम्हाला दिली होती आणि भिंतीवर हिंद महासागराचा नकाशा लावलेला होता. त्यावर मुंबईचे नाव वाचून मला काहीसे विचित्र वाटले होते.

हा प्रश्न मी आयतितेंना विचारला. त्यांनी जहाजाची बाजू घेतली नाही. त्यांचे म्हणणे असे होते की किनाऱ्याजवळची मासेमारी घराला पुरेनाशी झाली तेव्हा गावातील तरुणांपुढे दोनच वाटा होत्या, एक कारखान्याची आणि दुसरी त्या जहाजांची, आणि त्या जहाजांच्या पगारातूनच या घराचे छप्पर नवे झाले. मग थोडा वेळ थांबून ते म्हणाले की मुलाने धरलेला मासा त्यांनी कधी पाहिलेला नाही, कारण तो गोठवलेला असतो आणि थेट डबाबंद करणाऱ्या कारखान्याकडे जातो. अमामा तिथेच बसल्या होत्या. त्यांनी विषय बदलला नाही आणि काही बोलल्याही नाहीत.

मला स्वतःला वाटते की आंचोआच्या बाबतीत त्या लोकांनी जो संयम सोसला तोच हिंद महासागरात लागू व्हावा अशी मागणी आपण करणे योग्य आहे, आणि ती करताना त्यांच्याच अनुभवाचा दाखला देता येईल.

बिल्बाओकर:

मी गेली नऊ वर्षे बिल्बाओमध्ये राहतो. जाण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. बिल्बाओहून बेर्मेओला गेर्निकामार्गे छोटी रेल्वे जाते आणि तिचा शेवटचा टप्पा उर्दाइबाय खाडीच्या काठाने आहे, म्हणून बसपेक्षा रेल्वेने जावे. एखाद्या स्पॅनिश कुटुंबाच्या घरी राहणार असाल तर व्हिसासाठी त्या कुटुंबाने पोलीस कार्यालयातून घेतलेले निमंत्रणपत्र मागितले जाते आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे तयारी काही महिने आधी सुरू करावी. बेर्मेओतील एर्सिया बुरुजातले मच्छीमार संग्रहालय आवर्जून पाहावे. पासाइया येथे १५६५ मध्ये कॅनडातील लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर बुडालेल्या ‘सान हुआन’ या देवमाशाच्या शिकारीच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती जुन्या पद्धतीने बांधण्यात आली आहे आणि तेथील कारागिरांचे काम पाहण्यासारखे आहे. गेतारियाला गेल्यास निखाऱ्यावर जाळीत भाजलेला मासा आणि उंचावरून पेल्यात ओतलेली चाकोली ही आंबटसर पांढरी वाइन घेतल्याशिवाय परतू नये. २९ जूनला लेकेइतिओमध्ये असाल तर काशारांका पाहा. मच्छीमार संघाची पेटी खांद्यावर उचलतात आणि त्या पेटीवर उभी राहून एक व्यक्ती नाचते.

एक सूचना मनापासून करतो. धक्क्यावर काम करणाऱ्या सारेगिलेंची छायाचित्रे न विचारता काढू नयेत. आधी ‘काइशो’ म्हणून अभिवादन करावे, थोडे बोलावे आणि मग विचारावे. बास्क माणूस सुरुवातीला अबोल वाटतो, परंतु एउस्कारातील दोन शब्द ऐकले की त्याचा चेहरा बदलतो. जेवण सुरू करताना ‘ओन एगिन’ म्हणायला विसरू नका.

पाटावरवंटा:

मी काल मार्मिताको केला. हेगालुसे मिळणे शक्य नव्हते, म्हणून कुपा वापरला, आणि चोरिसेरोऐवजी बिया काढलेली बेडगी मिरची भिजवून तिचा गर घेतला. रंग सुरेख आला. तिखटपणा थोडा अधिक झाला असावा. बटाटे तोडून घातल्यामुळे रस्सा खरोखरच दाट झाला. मात्र शेगडी बंद करून मासा घातला तेव्हा घरातील सर्वांनी तो कच्चा राहील म्हणून मला थांबवण्याचा प्रयत्न केला.

करंजा:

माझ्या नवऱ्याने होडीवर स्टोव्हवर केला. तो म्हणाला की मासा शेवटी घालायचे त्याला सांगावे लागले नसते, कारण होडीवर कालवण ते तसेच करतात. सासूबाईंचा एक प्रश्न आहे. उरलेला मार्मिताको दुसऱ्या दिवशी गरम करून खातात का?

वेळाकाठ:

हा प्रश्न मी मुलीच्या मैत्रिणीमार्फत बेर्मेओला पाठवला. अमामांचे उत्तर आज सकाळी आले. बटाटे आणि रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, परंतु मासा पुन्हा गरम करू नये. म्हणून उरणार असे वाटले तर मासा आधीच वेगळा काढून ठेवावा, रस्सा गरम करून उतरवावा आणि मग तो वरून घालावा. त्यांनी तुमच्या सासूबाईंसाठी असेही विचारले आहे की सुकवलेल्या मांदेलीचे कालवण करताना ती आधी भिजवायची की तशीच टाकायची. उत्तर इथे लिहिलेत तर मी त्यांच्यापर्यंत पोहोचवीन.